संकेत बदलला, की मजकूर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आनुवंशिक आजार, लशी आणि जनुकोपचार यांविषयीच्या बातम्यांना आपल्या दैनिकात गेल्या काही वर्षांत बरीच जागा मिळू लागली आहे, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. मात्र या बातम्यांत एक चूक वारंवार होते आणि तिचा परिणाम शब्दापुरता राहत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ‘रुग्णाच्या जनुकीय संकेतात बिघाड’, ‘प्रत्येकाचा जनुकीय संकेत वेगळा’ अशा शब्दांत जे सांगितले जाते, त्यात जनुकीय संकेत बदललेला नसतोच. बदललेला किंवा वेगळा असतो तो डीएनएमधला मजकूर.

मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलाची आई अशाच एका बातमीचे कात्रण घेऊन माझ्याकडे आली होती. मुलाचा ‘संकेतच बिघडलेला’ आहे असे तिने वाचले होते आणि तिने मला विचारले, “म्हणजे बाई, त्याच्या अंगातलं सगळंच चुकीचं वाचलं जातं का?” त्या बातमीचा तिने लावलेला अर्थ अगदी बरोबर होता, चूक बातमीची होती. संकेत खरोखरच बिघडला असता, तर त्या मुलाच्या शरीरातले प्रत्येक प्रथिन चुकीचे तयार झाले असते आणि गर्भ वाढूच शकला नसता.

छपाईत ‘दिन’चे ‘दीन’ झाले, तर त्या ओळीचा अर्थ पालटतो. देवनागरीची बाराखडी पालटत नाही. पेशीतही नेमका हाच फरक आहे. डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे. पेशी त्यातल्या हव्या त्या जनुकाची प्रत आरएनएच्या रूपात काढते, आणि ही प्रत केंद्रकाबाहेर रायबोसोमकडे, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्राकडे जाते. तिथे ती तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचली जाते. या गटांना कोडॉन म्हणतात. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट चौसष्ट होतात. प्रथिने ज्या घटकांच्या साखळ्या असतात, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात; चौसष्टपैकी ६१ गट वीस अमिनो आम्लांपैकी कोणते ना कोणते दर्शवतात आणि उरलेले तीन ‘इथे थांबा’ असे सांगतात. कोणत्या गटाचा अर्थ कोणते अमिनो आम्ल, हे ठरवणारा जो तक्ता आहे, त्याचे नाव जनुकीय संकेत. तो तुमचा-माझा वेगळा नाही. माणूस, झाड, बुरशी आणि जिवाणू यांचाही तो जवळजवळ एकच आहे.

गट तीनच अक्षरांचे आहेत, हे फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूवर प्रयोग करून दाखवले. ‘कमळ गगन सरस पवन’ या ओळीतला ‘म’ काढून टाका आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: ‘कळग गनस रसप वन’. पुढची सगळी ओळ निरर्थक झाली. एक किंवा दोन अक्षरे गळली की जनुक असेच निकामी होई; जवळजवळची तीन गळली की गट पुन्हा जुळत आणि जनुक बऱ्याच अंशी काम करू लागे. त्याच वर्षी मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी केवळ ‘यू’ हे एकच अक्षर (डीएनएतल्या ‘टी’च्या जागी आरएनएत ‘यू’ असते) असलेला आरएनए पेशींच्या अर्कात मिसळला, तेव्हा केवळ फेनिलॲलानिन या अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. ‘यू-यू-यू’ म्हणजे फेनिलॲलानिन, हा तक्त्यातला उलगडलेला पहिला शब्द. हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत घडवून इतर शब्द सोडवायला मोठा हातभार लावला आणि १९६६ पर्यंत तक्ता पूर्ण झाला. हा तक्ता म्हणजे माणसाने लावलेल्या सर्वांत मोलाच्या शोधांपैकी एक आहे असे मी मानते, आणि म्हणूनच त्याचे नाव भलत्या गोष्टीला दिलेले मला सहन होत नाही.

आता प्रश्न असा की, हा तक्ता पेशीत असतो कुठे? तो कुठेही लिहून ठेवलेला नाही. तो काही रेणूंच्या आकारात साठवलेला आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. वाहक आरएनए नावाचा साधारण पाऊणशे अक्षरांचा एक छोटा रेणू असतो. त्याच्या एका टोकाशी कोडॉनशी जोडी जमवणारी तीन अक्षरे असतात आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल अडकवलेले असते. कोणत्या वाहकाला कोणते अमिनो आम्ल जोडायचे, हे काम विशिष्ट विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने करतात. साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक. भाषांतर खऱ्या अर्थाने इथे होते. यांपैकी आयसोल्युसिन जोडणारे विकर पाहावे. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या दोहोंत एका कार्बनचा आणि त्याला चिकटलेल्या दोन हायड्रोजनांचा तेवढा फरक आहे. व्हॅलिन लहान असल्यामुळे आयसोल्युसिनच्या खाचेत तेही शिरू शकते. म्हणून या विकराला आणखी एक खाच असते. तिच्यात आयसोल्युसिन मावत नाही, पण व्हॅलिन मावते, आणि तिथे पोहोचलेले चुकीचे व्हॅलिन सोडवून टाकले जाते. पहिल्या चाळणीत मोठे अडते, दुसरीत लहान पकडले जाते. मुद्रितशोधन दोनदा करावे, तसाच हा प्रकार.

या विकरांची चूक झाली तर रायबोसोम ती सावरून घेईल, असे कोणाला वाटेल. १९६२ मध्ये फ्रिट्झ लिपमन आणि सिमूर बेंझर यांचा सहभाग असलेल्या एका प्रयोगात याचे उत्तर मिळाले. सिस्टीन वाहून नेणाऱ्या आरएनएवर आधी योग्य ते सिस्टीन चढू दिले, मग रासायनिक क्रियेने त्या जागीच सिस्टीनचे ॲलानिन केले. रायबोसोमने वाहकाची तीन अक्षरे पाहिली, आणि जिथे सिस्टीन हवे होते तिथे ॲलानिन बसवले. म्हणजे रायबोसोम आणलेला माल तपासत नाही, आणणाऱ्याची ओळख तेवढी पाहतो. तरीही त्याचे काम थोर आहे: जिवाणूत तो सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्ले ओवतो, आणि ओवण्याची मुख्य क्रिया त्यातल्या प्रथिनांकडून होत नसून त्याच्या आरएनएकडून होते. या यंत्राची अणूपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे सगळे लक्षात घेतले की सिकलसेलची गोष्ट नीट सांगता येते. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. तिच्या सहाव्या जागेसाठी डीएनएत ‘जी-ए-जी’ असायला हवे, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये तिथे ‘जी-टी-जी’ असते, म्हणजे व्हॅलिन. हे व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहणारे असल्यामुळे, प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे तंतू बनतात आणि रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. पण त्याच साखळीची पहिली जागा पाहा. तिथे निरोगी माणसांतही व्हॅलिनच असते आणि तेही ‘जी-टी-जी’ याच अक्षरांमुळे. आजारी मुलाच्या पेशींनी ‘जी-टी-जी’चा अर्थ तोच लावला, जो आपल्या सर्वांच्या पेशी लावतात. वाचनात कसलीही चूक झालेली नाही. एका जनुकात, एका जागी, एक अक्षर वेगळे आहे, एवढेच. त्या आईला मी हेच कागदावर काढून दाखवले. आजार त्यामुळे सौम्य होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या मुलाचा सारा देहच चुकीचा घडला आहे, हे तिच्या मनावरचे ओझे तरी उतरले.

संकेत सर्वांचा एकच असल्यावर केवढ्या तरी गोष्टी उभ्या आहेत. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांचा मजकूर जिवाणूंत घातला गेला, जिवाणूंनी तो बिनचूक वाचला, आणि अशा रीतीने तयार झालेले इन्सुलिन १९८२ मध्ये औषध म्हणून मान्य झाले. एमआरएनए, म्हणजे संदेशवाहक आरएनए, वापरणाऱ्या लशीही याच आधारावर चालतात. लशीतला संदेश पेशीच्या केंद्रकात जात नाही. बाहेरचे रायबोसोम तो नेहमीच्याच तक्त्यानुसार वाचतात, विषाणूचे प्रथिन तयार करतात आणि संदेश थोड्याच काळात मोडून जातो. तरीही ‘लस जनुकीय संकेत बदलते’ ही अफवा किती जणांना खरी वाटली! आम्ही लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांनीच हा शब्द सैल सोडला होता, त्यामुळे अफवेला तो आयता सापडला.

‘जवळजवळ’ हा शब्द मी वर मुद्दाम वापरला आहे. आपल्याच पेशींतील तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा, तक्ता किंचित वेगळा आहे: इतरत्र ‘थांबा’ असा अर्थ असलेले ‘यू-जी-ए’ तिथे ट्रिप्टोफॅन दर्शवते, हे १९७९ मध्ये कळले. असे अपवाद आहेत, पण थोडे.

माझी विनंती एवढीच की, यापुढे आजाराच्या बातमीत ‘जनुकात बदल’, ‘उत्परिवर्तन’ किंवा सरळ ‘एक अक्षर बदलले’ असे छापावे. सिकलसेलवरील ज्या जनुक-संपादन उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, तोही मजकुरातलाच बदल आहे. खरा संकेतबदल कसा दिसतो, तेही सांगते. केंब्रिजमधील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एका जिवाणूचा संपूर्ण डीएनए नव्याने घडवला आणि त्यातून तीन कोडॉन सर्वत्र हद्दपार केले. २०२१ मध्ये ते कोडॉन वाचणारे रेणूही काढून टाकले. त्यानंतर विषाणू त्या जिवाणूत शिरले, पण त्यांचा मजकूर तिथे वाचलाच गेला नाही आणि त्यांची वाढ खुंटली. अशी बातमी पुन्हा येईल, तेव्हा ‘जनुकीय संकेत बदलला’ हा मथळा ठळक टायपात जरूर द्यावा.

आपली नम्र,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका