शुक्रवारी पापलेट, म्हणजे उपवास?

संपादक महोदय,

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, आला की 'ख्रिस्ती बांधवांच्या ४० दिवसांच्या कडक उपवासास प्रारंभ' अशा बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. कॅथलिक चर्चचा नियम मुळात एवढा कडक नाही. त्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. त्यातले ६ रविवार सोडले की ४० उरतात. उपवास बंधनकारक असतो तो फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना, वयाची ५९ पूर्ण होईपर्यंत. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे. उरलेल्या दोन वेळी थोडे खाता येते, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढे होऊ नये. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून लागतो आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. आजाऱ्यांना सूट आहे; इन्सुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा ज्याचे त्याने ठरवायचे असते.

नियम सोपा, पळवाट त्याहून सोपी. मासे, अंडी, दूध यांना मनाई नाही. त्यामुळे किनारपट्टीवर शुक्रवारी कोंबडी टळते आणि तिच्यापेक्षा कितीतरी महाग पापलेट तव्यावर चढते. नियम पाळला गेला, पण जिभेला तोशीस नाही आणि दानालाही काही उरले नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास लागोपाठ येतात, ते उगीच नव्हे. शुक्रवारी डाळ-भात-भाजी करावी आणि मटण-मासळीचे वाचलेले पैसे त्याच संध्याकाळी वेगळ्या डब्यात टाकावेत. ईस्टरला एकदम हिशेब करू म्हटले की ते घरखर्चात कधी जिरले, हे कळतही नाही.

या काळात काही सोडण्याचे जे संकल्प करतात, त्यांचेही तसेच. 'मोबाइल कमी करीन' हा संकल्प टिकत नाही, कारण तो मोडला केव्हा हेच ठरत नाही. 'रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, सकाळच्या प्रार्थनेनंतरच हातात' असे ठरवले तर चुकले की लगेच कळते. एका वेळी एकच संकल्प पुरे. रविवारी सूट घ्यावी की नाही, हा प्रश्न हमखास निघतो. गोड सोडले असेल तर घ्यावी. पण सवय मोडायची असेल तर घेऊ नये, कारण सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दारूबाबत मात्र सावधान. प्रायश्चित्तकाळात दारू सोडणारे पुष्कळ आहेत आणि ईस्टरला ४० दिवसांची कसर भरून काढणारेही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, झोप उडणे, भास होणे, प्रसंगी फिट येणे असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. घरच्यांना वाटते, निश्चय डळमळतोय. तो निश्चयाचा प्रश्न नसतो. शरीराला उपचार हवे असतात. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा, मग संकल्प करावा. धर्मगुरूंनी ही सूचना राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारीच मिस्सानंतर (चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर) द्यावी. बुधवारी दिली तर बाटली आधीच फेकलेली असते.

– एक वाचक, वसई