पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी शाळांनी कागदाची वाट पाहू नये

महोदय,

पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी 2019 साली झालेला कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या 13व्या कलमानुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने पारलिंगी विद्यार्थ्यांना भेदभाव न करता इतरांच्या बरोबरीने शिक्षण आणि खेळांत भाग घेण्याची संधी द्यायची आहे, तर 11व्या कलमानुसार प्रत्येक आस्थापनेने या कायद्याच्या उल्लंघनाच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमायचा आहे. ठाण्यात अजूनही नोकरीत असलेल्या माझ्या काही सहकाऱ्यांना मी अलीकडे विचारले, तेव्हा आपल्या शाळेत हा अधिकारी कोण आहे, हे एकालाही सांगता आले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत मी 31 वर्षे मराठी शिकवले. हा कायदा होण्याच्या पुष्कळ आधी माझ्या नववीच्या वर्गात एक मूल होते. हजेरीपटावर त्याचे नाव मुलांच्या रकान्यात होते. निबंधात मात्र ते लिहीत असे, ‘मी आजोबांबरोबर येऊरला गेले, ओढ्याकाठी बसले, पावसात भिजले.’ मी लाल शाईने प्रत्येक ‘गेले’चे ‘गेलो’ केले आणि शुद्धलेखनाचे गुण कापले. पुढच्या निबंधात पुन्हा तेच दिसले, तेव्हा चूक सर्वांच्याच लक्षात यावी म्हणून मी तो वर्गात वाचून दाखवला. वर्ग हसला. त्या दिवसानंतर त्या वहीत ‘मी’ने सुरू होणारे वाक्य मला पुन्हा दिसले नाही. आपल्या भाषेत ‘आलो’ किंवा ‘आले’ यांपैकी एक निवडल्याशिवाय साधे ‘मी घरी आलो’ एवढेही सांगता येत नाही. ती निवड त्या मुलाने केली होती, आणि मी ती खोडत होते.

पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेचे शुल्क भरले गेले, प्रवेशपत्रही आले. ते न्यायला कोणी आले नाही आणि कार्यालयाच्या कपाटातच राहिले. दाखला मागायला आलेल्या आईकडून मला कळले की, मुलांच्या स्वच्छतागृहात होणाऱ्या छळाच्या भीतीने ते मूल दुपारच्या अधिवेशनात साडेबारापासून सहापर्यंत पाण्याचा घोटही घेत नसे. मी वर्गशिक्षिका होते आणि मला ते दिसले नव्हते.

2011 च्या जनगणनेत लिंगाच्या नोंदीत ‘इतर’ या रकान्यात देशभरात सुमारे 4 लाख 88 हजार व्यक्तींची नोंद झाली. देशाचे साक्षरतेचे प्रमाण 74 टक्के असताना त्यांच्यातील प्रमाण 56 टक्के होते. हे अंतर कसे पडते, याचा निदान एक मार्ग मी जवळून पाहिला आहे. 15 एप्रिल 2014 च्या ज्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य केले, त्या खटल्यात ठाण्याच्याच लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी हस्तक्षेप अर्ज केला होता, आणि लहानपणी त्यांनी सोसलेल्या छळाची हकीकत निकालपत्रात नमूद आहे.

आज शाळांकडून ऐकू येणारे उत्तर असे की, विद्यार्थ्याने पारलिंगी असल्याचे जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र आणावे, मग आम्ही पाहू. हे उत्तर मला मान्य नाही. 2019 च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलासाठी या प्रमाणपत्राचा अर्ज पालकांनी करायचा आहे. ज्या घरात या विषयाचा उच्चारही होऊ शकत नाही, तिथल्या मुलाने तो कागद आणायचा कुठून? दाखल्यावरील नोंद बदलण्यासाठी कागद लागतो, हे मी समजू शकते. पण वर्गातले हसणे थांबवण्यासाठी, एक स्वच्छतागृह कडी लावून निर्धास्तपणे वापरता यावे यासाठी, किंवा कवायतीला मुलामुलींच्या दोन रांगांऐवजी हजेरी क्रमांकाने एकच रांग करण्यासाठी कोणत्या प्रमाणपत्राची गरज आहे?

शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही, कारण त्यांना हे कोणी शिकवलेलेच नाही. एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने 2021 मध्ये पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशाविषयी शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका तयार केली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतल्यानंतर ती संकेतस्थळावरून काढली गेली, याची मला आजही खंत वाटते.

तरी ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महानगरपालिकांच्या शिक्षण विभागांना हातातल्या साधनांतून बरेच करता येईल. जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे ‘केंद्रा’च्या स्तरावर शिक्षकांची दरमहा शिक्षण परिषद भरतेच. तिथे या कायद्यासाठी एक तास द्यावा आणि पारलिंगी समाजातील जाणत्या व्यक्तींना बोलावून त्यांचे शाळेतले अनुभव ऐकावेत. बदलापूरच्या शाळेतील 2024 मधील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या ज्या सखी सावित्री समित्यांकडे सर्वांचे लक्ष गेले, त्यांच्या बैठकीत या मुलांच्या सुरक्षिततेचाही विषय घ्यावा. तक्रार अधिकारी नेमण्यासाठी तर नव्या शासन आदेशाचीही आवश्यकता नाही. माझी विनंती एवढीच की, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर मुख्याध्यापकांच्या नावाखाली या अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक, नववीतल्या मुलाला वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

– एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, नौपाडा, ठाणे (पश्चिम)