तापकीर गल्लीतल्या पहिल्या मजल्यावरच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या मुलास

तुझं नाव विचारायचं राहिलं, हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं. एकतीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेल्या बाईकडून असं व्हावं! तेव्हा हे पत्र बिननावाचंच.

चूक माझीच होती. लॅपटॉपनं बायोस (त्याला सुरू करणारी आतली मूळ आज्ञावली) अपडेट करू का विचारलं, मी न वाचता ‘हो’ केलं. पुन्हा चालू केला तर निळा पडदा आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायची किल्ली, मागणारी चौकट. की ऑनलाइन खात्यात मिळेल म्हणे. खातं उघडायला गेले, तर कोड जाणार जुन्या मोबाइलवर. तो नंबर मी रिचार्ज न करता केव्हाच बंद पडू दिला होता. नवा नंबर द्यायचा तर तीस दिवस थांबा. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

आधी दोन दुकानं फिरले. दोन्हीकडे एकच उत्तर, ‘फॉरमॅट मारून देतो.’ आत शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी रचलेली चारशेच्या वर शाब्दिक उदाहरणं होती, आणि आईनं म्हटलेली भोंडल्याची गाणी. दुसरी प्रत कुठेच नाही. (मुलांना ‘पडताळा करा, पडताळा करा’ म्हणून ओरडणारी मीच.)

तुझ्या दुकानाचा जिना चढताना दोर धरावा लागतो, तो धरून वर आले तेव्हा आशा फारशी नव्हतीच. तू स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाहीस. म्हणालास, “काकू, फॉरमॅट कुणालाही करू देऊ नका. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी किल्लीशिवाय नुसता कचरा दिसेल.” बायोस बदललं की आतली चिप सावध होते, मशीन कुणाच्या हाती लागलंय याची तिला खात्री राहत नाही, म्हणून की मागते, हेही तू दोन वाक्यांत सांगितलंस. मग तो प्रश्न, जो मला चार दिवसांत सुचला नव्हता: “नवा आणला तेव्हा पहिल्यांदा चालू कुणी केला?”

भाच्यानं! २०२२च्या दिवाळीत, नागपूरहून आला होता तेव्हा, स्वतःच्या ईमेलनं. माझं खातं नंतर जोडलेलं. तू हसलास. “मग की त्यांच्याकडे असणार.”

त्याला फोन लावला. पडद्यावरच्या की आयडीची (किल्लीच्या ओळखक्रमांकाची) पहिली आठ अक्षरं तू त्याच्याकडच्या यादीशी जुळवून घेतलीस आणि तो आकडे सांगू लागला. मी मराठीत ‘एकोणसाठ का एकोणसत्तर?’ विचारलं, तर तो इंग्रजी शाळेतला, गप्पच झाला. मग एकेक आकडा, इंग्रजीत. खाली टेम्पोचा हॉर्न चालू होता. सहा-सहाचे आठ गट मी तुझ्या बिलबुकाच्या मागे लिहिले आणि तू टाइप करायच्या आधी सहज म्हणालास, “प्रत्येक गटाला अकरानं भाग जातो, काकू.”

अरे, हे मला आधी सांगायचंस! एकाआड एक अंकांच्या बेरजा, त्यांतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत. सहा गट पार झाले. सातवा मी ३०८५१२ लिहिला होता: तीन, आठ, एक बारा, शून्य, पाच, दोन सात. फरक पाच. अडला. भाच्याला पुन्हा विचारलं, तर तो ‘सेवन’ म्हणाला होता, हॉर्नमध्ये मला नुसतं ‘वन’ ऐकू आलं. ३०८५७२. अठरा वजा सात, अकरा. (आठातला एकच गट आहे, लिहायला हरकत नाही.) आठवा गट बरोबर निघाला, तू एंटर दाबलंस आणि माझ्या नातीचा फोटो उजळला. तेव्हा मी तुझ्या काउंटरवर थाप मारली. तुझा चहा सांडला, त्याबद्दल क्षमस्व.

दोनशे रुपये घेतलेस. ते कमी आहेत हे तुलाही माहीत आहे. जाताना पेन ड्राइव्हवर सगळी प्रत काढायला लावलीस. की आता छापून विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवली आहे, आणि खात्यातल्या नव्या नंबराचे तीस दिवसही भरत आले.

बोलता बोलता म्हणालास, धाकटा भाऊ आठवीत आहे आणि गणितात रडतो. त्याला रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे पाठव. पत्ता तुझ्या बिलबुकात आहे, त्या आकड्यांच्याच पानावर. वही आणू दे, कॅल्क्युलेटर नको.

– लॅपटॉपवाल्या काकू