आबांच्या पेटीतली छिन्नी

मिरज,
खंडेनवमी

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

जयंताने काल तुझा फोटो पाठवला नसता, तर उजव्या भुवईवरची ती पट्टी आम्हाला दिवाळीला तू घरी आल्यावरच दिसली असती. "काही नाही, बारीकशी कपची उडाली," एवढेच तू आईला फोनवर सांगितलेस आणि लगेच पावसाचे बोलू लागलीस. मी रागावण्यासाठी लिहीत नाही. डोळ्याचा विषय एकदाच काढतो आणि पुढे कामाचेच लिहितो.

छिन्नीच्या फक्त धारेकडच्या टोकाला पाणी दिलेले, म्हणजे ते तापवून, विझवून कडक केलेले असते. डोके मुद्दाम मऊ ठेवतात. वर्षानुवर्षे घाव खाऊन ते डोके पसरते, त्याच्या कडा फुलासारख्या खाली वळतात, मार खाऊनखाऊन कडक होतात, त्यांना चिरा जातात आणि एखाद्या घावासरशी त्यातला तुकडा छऱ्यासारखा सुटतो. तुझ्या बाबतीत हेच झाले. तो तुकडा बोटभर खाली लागला असता तर, हे मी लिहिणार नव्हतो.

रंध्याचे मात्र तू फार चांगले केलेस. जुन्या बाजारात भंगाराच्या भावाने घेतलेला, गंजाने लाल झालेला तो रंधा तू चालता केलास आणि पावसाळ्यात फुगून अडकणारे न्हाणीघराचे दार त्यानेच तासलेस. सुताराला दोन वेळा फोन करूनही तो आला नव्हता, हेही जयंताने कळवले आहे. तू पाठवलेला छिलका आईने वर्तमानपत्रावर ठेवला, तेव्हा खालची अक्षरे वाचता आली. तो मी शेजारच्या देशपांड्यांनाही नेऊन दाखवला.

पात्यावर 'कास्ट स्टील' असा शिक्का आहे, म्हणजे ते ओतीव आहे का, असे तू विचारले होतेस. तसे नाही. शेफील्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, त्या पोलादाला हे नाव पडले. ते महाग असल्यामुळे जुन्या पात्यांत पुष्कळदा फक्त धारेच्या बाजूला त्याचा पातळ थर असतो आणि पाठ साध्या लोखंडाची असते. धारेचा उतार तेलाच्या दगडावर नीट घासलास, तर दोन रंगांमधली बारीक रेघ तुला दिसेल. म्हणूनच असे पाते ग्राइंडरवर धरायचे झाल्यास क्षणभर टेकवून लगेच पाण्यात बुडवायचे. धार निळी पडली की तिचे पाणी उतरले असे समज. तेवढा भाग घासून टाकण्यावाचून मग इलाज नाही.

गंजासाठी मशीनवर तारेचा ब्रश लावू नकोस. शिक्का पुसट होतो आणि त्या ब्रशच्या तारा सुटून उडतात. कुठे उडतात ते सांगायला नकोच. लोखंडी भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेव, सकाळी पितळी ब्रशने घास, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढ आणि ताबडतोब कोरडा करून तेलाचा हात फिरव. त्याहून फार वेळ ठेवलास तर व्हिनेगर चांगले लोखंडही खाते. लाकडी मुठीला जवसाचे तेल पुरे, पण त्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती वाळताना आपोआप तापते आणि पेटूही शकते. ती पसरून दोरीवर वाळत घाल. तुझा नंबरचा चष्मा या कामाला चालत नाही, त्याच्या बाजू उघड्या असतात.

पुन्हा तेच झाले. बत्तीस वर्षे टूलरूममध्ये काढली, त्यामुळे मुलीशी बोलतानाही नव्या ॲप्रेंटिसशी बोलल्यासारखे होते, त्याबद्दल रागावू नकोस.

आबा मला असे काही सांगत नसत. सुगीला बलुत्याचे धान्य घरी यायचे आणि त्याआधी महिनाभर अंगणात नांगर, कुळव, गाड्यांची चाके यांची दाटी असायची. मी आठ वर्षांचा असताना एकदा त्यांच्या पटाशीने खिळा उपटू पाहिला आणि धारेचा टवका उडवला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी ती पटाशी माझ्याच हातात दिली आणि दिवसभर दगडावर घासायला बसवले. संध्याकाळी त्यांनी ती आपल्या मनगटावरून फिरवली. दोन केस उतरले तेव्हा मला जेवायला वाढले.

आज खंडेनवमीची पूजा केली. तू हत्यारे नेल्यापासून पेटी अर्धी रिकामी आहे, म्हणून तुझ्या आईने जागा भरायला अडकित्ता आणि विळी मांडली. हळदकुंकू वाहताना मला ती छिन्नी आठवली. गेल्या मे महिन्यात पेटीतून काढून तुझ्या पिशवीत घातली, तेव्हा तिचे फुललेले डोके मी पाहिले होते. कारखान्यात असली छिन्नी मी कोणाच्या हातात राहू दिली नसती. त्या दिवशी तुझी गाडी साडेचारची होती, आणि पाच मिनिटे घासायला वेळ नाही असे मी मनाशी म्हटले. काल रात्रीपासून तीच पाच मिनिटे डोक्यात आहेत. आईला हे अजून सांगितलेले नाही.

ती छिन्नी जयंताबरोबर परत पाठव. डोके घासून, कड मारून मी स्वतः घेऊन येतो. त्याच्याकडे बाजू बंद असलेले दोन चष्मे दिले आहेत, एक त्याच्यासाठी, कारण तू घाव घालतेस तेव्हा तो पकडायला समोर उभा असतो. पट्टी निघाली की फोटो पाठव, आणि या वेळी तो तूच पाठव.

तुझे,
बाबा