रेसिपी छापा, पण प्रमाणासकट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. पाककृतीची पुस्तकं आता कोणी उघडत नाही, सगळं मोबाईलवर मिळतं, असा त्याचा एकूण सूर होता, आणि तो वाचून गप्प बसवलं नाही म्हणून हे पत्र. आमच्या लालबाग-परळकडे मी जे रोज बघते ते थोडं वेगळं आहे. मोबाईल सगळ्यांकडे आहे, मीही रोज बघते, पण दिवाळीच्या आधी भाजणी दळायची वेळ आली की बिल्डिंगमध्ये कोणाकडे 'रुचिरा' हे पाककृतीचं पुस्तक आहे याची चौकशी सुरू होते आणि मग त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरतो. म्हणजे मोबाईलवर शेवटी पुस्तकच वाचलं जातंय ना.

कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक 1970 साली आलं, लाखाच्या वर खपलं, आणि अजून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला दिलं जातं. का दिलं जातं? त्यात वाटी आणि चमच्याचं प्रमाण आहे म्हणून. आमच्या आधीच्या बायकांना विचारलं की उत्तर यायचं 'अंदाजाने घाल', आता ज्या मुलीने आयुष्यात कधी पीठ भिजवलं नाही तिला अंदाज कुठून येणार? वाटीचं प्रमाण दिलं की वाटी लहान असो मोठी असो, तीच वाटी सगळ्याला घेतली की हिशेब बरोबर बसतो. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, हे तोंडपाठ झालं की भाजणी कोणत्याही घरात होते. वजनकाटा लागत नाही, महागडी भांडी लागत नाहीत. एवढ्याशा गोष्टीने किती घरांतला स्वयंपाक सुधारला असेल याचा विचार करून बघा.

मी व्हिडिओच्या विरोधात अजिबात नाही हे आधीच सांगते. उकडीच्या मोदकाच्या कळ्या कशा काढायच्या, पुरणपोळी लाटताना हात कुठे हलका ठेवायचा, एकतारी पाक बोटांत धरल्यावर नेमका कसा दिसतो, हे हजार शब्दांत लिहिलं तरी समजत नाही आणि व्हिडिओत एका नजरेत समजतं. ज्या मुली नोकरीसाठी बंगलोरला नाहीतर परदेशात गेल्यात, ज्यांच्याजवळ आई नाही सासू नाही, त्यांना असे व्हिडिओ करणाऱ्या बायकांनी मराठीतून बोलत बोलत शिकवलंय, त्याचं मोल फार मोठं आहे. माझी तक्रार आहे ती अर्ध्या मिनिटाच्या रीलबद्दल. छान गाणं, छान भांडं, वरून कोथिंबीर, आणि प्रमाण कुठेच नाही.

याचं उदाहरण आमच्याच घरातलं देते. माझ्या धाकट्या जावेने असंच एक रील बघून अनारसे केले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, कपड्यावर पसरले, दळले, चाळले, एवढी सगळी मेहनत बिचारीने केली. पण रीलमध्ये गूळ नुसता 'घालायचा' म्हटलेलं, किती ते नाही, आणि पीठ दमट असतानाच करायचं हेही नाही. गूळ जास्त झाला, तुपात सोडला की प्रत्येक अनारसा हसायला लागला, कढईत नुसता चुरा. अशा वेळी करायचं काय हे रील सांगत नाही कारण रीलमधला अनारसा कधी बिघडतच नाही. जुनी माणसं सांगतात आणि चांगली पुस्तकंही सांगतात, की हसला तर पिठात थोडी तांदळाची पिठी मळा, आणि कडक झाला तर थोडं केळं कुस्करून नाहीतर दूध लावून मळा. तिने उरलेल्या पिठात पिठी मिसळली आणि पुढचा घाणा छान जाळीदार निघाला. बिघडलं तर काय करायचं, हे ज्यात लिहिलंय ती खरी रेसिपी असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट अशी की मोबाईलवर तुम्हाला तेच मिळतं जे तुम्ही शोधता. पदार्थाचं नावच माहीत नसेल तर शोधणार काय? पुस्तक चाळताना मात्र न शोधलेलं सापडतं, आंबट वरण बघायला पुस्तक उघडावं आणि दोन पानं पुढे कधी न ऐकलेलं काहीतरी दिसावं, असं खूपदा होतं. आपल्या मुंबईतच काय काय लिहिलं गेलंय बघा. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910 सालचं, हजार पाकक्रियांचं. पाठारे प्रभूंचं आटलं, भुजणं, घाडा ही पदार्थांची नावं आज त्यांच्या समाजाबाहेर किती लोकांना माहीत आहेत? गावदेवीच्या सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' 1943 साली मराठीत काढलं, त्यात रेसिपीबरोबर घरगुती औषधं आणि सणांची माहितीपण आहे. असली पुस्तकं कोणा एकट्या शेफची नसतात, घराघरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं केलेलं त्यात असतं. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला नाहीतर फोर्टच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात कधीतरी एखादं मिळतं, हळदीचे डाग पडलेलं, समासात कोणीतरी पेन्सिलने 'मीठ कमी' लिहिलेलं. मी तर असंच पुस्तक आधी उचलते, कारण त्यातलं करून बघितलेलं असतं.

आणि तुमच्या लेखात रेसिपी एकीकडून दुसरीकडे पोचण्याचा एक मोठा रस्ता राहूनच गेला, तो बाजाराचा. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत येऊन उभे राहा. मिरची निवडताना, मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावून बसलेल्या असताना बायका एकमेकींना विचारत असतात, किलो मिरचीला धणे किती, तुमच्याकडे दगडफूल किती घालतात, आणि मालवणची बाई एक सांगते, रायगडची दुसरं, दोन्ही बरोबर असतं. कोळणीकडून मासे घेताना ती न विचारता सांगते की हे कालवणाला घे, ते तळायला घे. पावसाच्या सुरुवातीला दादर स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायका सोबत काकडाची छोटी हिरवी फळं घ्यायला लावतात, कारण शेवळाला काकडं किंवा चिंच-आमसूल नसेल आणि आतला पिवळसर भाग नीट काढला नसेल तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. हे ज्ञान त्या बाईकडे आहे आणि ते कुठेही नीट लिहिलेलं सहज सापडत नाही. ती बसायची बंद झाली की शेवळाची भाजीपण गेली समजा.

म्हणून आता मुद्द्याचं मागणं. तुमच्या पुरवणीत रेसिपी येते ती मोठ्या फोटोसकट आणि सहा ओळींत येते. फोटो लहान करा आणि प्रमाण पूर्ण द्या. वाटी-चमचा द्याच, पण केक-बिस्किटांसारख्या गोष्टींना ग्रॅमपण द्या, तिथे वाटीने भागत नाही. किती माणसांना पुरेल ते लिहा. 'चवीनुसार मीठ' भाजीला चालेल, लोणच्याला नाही चालत, तिथे मीठ चवीसाठी नसतं, टिकण्यासाठी असतं, किलोभर कैरीला दीड-दोनशे ग्रॅम लागतंच आणि ते कमी पडलं की पावसाळ्यात बुरशी येते, मग तेल आणि कैऱ्या दोन्ही वाया. बिघडलं तर काय, याची एक ओळ हवीच. आणि ही कृती कोणाच्या घरची, कुठल्या गावची, हे तेवढं खाली द्या, कारण तुम्ही नुसता 'मालवणी मसाला' म्हणालात तर तो नेमका कोणता हे आम्हाला कळत नाही.

शक्य असेल तर अजून एक करा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षांनी पुस्तकाचे हक्क संपतात, तर ज्यांचे हक्क संपलेत अशा जुन्या पाककृतींच्या पुस्तकांमधली एकेक कृती दर आठवड्याला छापा, तोळ्याचं माप असेल तर तोळा म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम असं धरून आजच्या मापात करून द्या, आणि छापायच्या आधी कोणाकडून तरी करवून घ्या. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी शोधलं तर अशी पुस्तकं निघतील. महिला मंडळांच्या जुन्या स्मरणिकाही मागवा, वाचक आनंदाने पाठवतील, मीही पाठवीन.

आणि रेसिपी कृपा करून एकाच पानावर चौकटीत छापा. अर्धी पान दोनवर आणि अर्धी पान सातवर असली की कात्रण कापता येत नाही, आणि आमच्यासारख्या बऱ्याच जणी अजून कात्रणं कापून वहीत चिकटवतात.

आपली,
एक नियमित वाचक, लालबाग, मुंबई