बेस्ट प्लेअर कोण, यावरून

कोल्हापूर,
९ एप्रिल २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तुझा "पोचले" एवढाच मेसेज आला. फोन लावायला घेतला होता, पण फोनवर आपण दोघी फिरून तिथेच येणार, म्हणून लिहायला बसले आहे. तुझ्या गुडघ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. वादाबद्दल लिहिते. तू पोहे तसेच टाकून सीबीएसला, एसटी पकडायला गेलीस म्हणून वाद काही मिटलेला नाही. बाबा येईल त्याला अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या पोरींबद्दल विचारतायत. काल संध्याकाळी काका आले, तर चहा होईपर्यंत त्यांना अख्खी फायनल सांगून झाली.

माझं मत आहे तेच आहे. रविवारच्या त्या कॉलेज फायनलमध्ये कनेक्टिकटची बेस्ट प्लेअर सारा स्ट्राँग. २४ पॉइंट, १५ रिबाउंड म्हणजे हुकून परतलेले बॉल पकडले, ५ असिस्ट, ३ ब्लॉक, आणि पोरगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला! समोर साउथ कॅरोलिनासारखी गेल्या वर्षीची विजेती टीम, आणि हिच्या चेहऱ्यावर दडपण कुठे दिसलं का तुला? बाबांचं म्हणणं ॲझी फड, कारण तिनेही २४ केले आणि स्पर्धेची ट्रॉफी तिला मिळाली. बाबांना कुस्तीची सवय. खासबागेत पाठ लागली की विषय संपला. पण हेच बाबा शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडीलचा कोण भारी आणि दिलबहारचा कोण भारी यावरून काकांशी अबोला धरतात, तेव्हा ट्रॉफीचं त्यांना काही नसतं.

आणि तुझी पेज ब्युकर्स. तू दिलेली कारणं मी विसरलेली नाही. २०२०-२१ ला पहिल्याच वर्षी ती देशातली सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडू ठरली, यंदा ओक्लाहोमाविरुद्ध एकटीने ४० पॉइंट केले. फायनलला १७ च केले हे खरं, पण साउथ कॅरोलिनाच्या पोरी सगळा वेळ तिच्यावर डोळा ठेवून होत्या म्हणून फडला जागा मिळत गेली, असं तू म्हणालीस. मॅच थांबवून, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणालीस, "आई, बॉलकडे बघू नको. जिच्याकडे बॉल नाही तिच्याकडे बघ." रात्रीचे दोन वाजत आले होते, आजी आतून "झोपा की गं आता" म्हणत होती, आणि मी तुझ्याकडे बघत होते. बाबा नंतर मला म्हणाले, ही उद्या कोच होणार बघ. मी म्हटलं, आधी पोटभर खेळू दे तिला.

पोटभर म्हणजे पुढची दहा वर्षं. मे महिन्यातली ती एक स्पर्धा नव्हे. आलेच बघ मी तिथे. बरं, राहू दे.

तुमच्या टीमचं बोलू. ॲन्युअल डेची बेस्ट प्लेअरची ट्रॉफी बास्केटखाली खेळणाऱ्या साताऱ्याच्या त्या उंच सेंटरला मिळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलंय, म्हणून तू चिडली आहेस. तू चिडलीस ते मला आवडलं, हे आधी लिहून ठेवते. तुला कशाचंच काही वाटत नाही अशी तू कधी होऊ नयेस. पण ट्रॉफी अशी का ठरते ते मला ठाऊक आहे, कारण कॉलेजात मी दोन वर्षं स्कोअरच्या टेबलावर बसले आहे. त्या कागदावर काय लिहितात? पॉइंट कुणी केला आणि फाउल कुणाचा झाला. बॉल कुणी दिला, समोरचीची वाट अडवून स्क्रीन कुणी लावला, समोरच्या भारी पोरीला चाळीस मिनिटं कुणी दमवलं, याला त्या कागदावर जागाच नसते. वर्षाच्या शेवटी सर तेच कागद काढून बसतात. मग नाव कुणाचं निघणार? सेंटरचंच. ती पोरगी वाईट नाही, उलट मला आवडते. जानेवारीच्या त्या मॅचचा व्हिडिओ तू पाठवला होतास, त्यात ती रिबाउंडला पाय रोवून उभी राहते ते बघण्यासारखं आहे. पण तू बाहेर बसल्यापासून तिला बॉल कुठे मिळतो तेही बघ. आधी बास्केटखाली हातात मिळायचा, आता तीन पावलं लांब मिळतो आणि तिथून तिला एकटीला झगडावं लागतं. तुझी किंमत तू खेळत नसताना जास्त दिसली आहे. हे तुमच्या सरांना दिसत नसेल तर त्यांनी माझ्या शेजारी बसून मॅच बघावी.

आता मंगलमावशीचं लिहिते. तुला वाटेल आई फिरून तिथेच आली. येऊ दे वाटलं तर. तिचं तुला थोडं माहीत आहे, पण टेबलावरून मी जे बघितलं ते कधी सांगितलं नाही.

तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे आणि मुलींसाठी वेगळा सहा नंबरचा बॉल नव्हता. मुलांचाच सात नंबरचा बॉल. मंगलचे हात केवढेसे, पण एका हाताने उचलायची. आमच्या कॉलेजात वाद होता तो मंगल की शालन असा. शालन पॉइंट करायची, त्यामुळे कागदावर शालन. पण विद्यापीठाच्या झोनलला सांगलीला गेलो तेव्हा सांगलीकर बाया मंगललाच बघायला मैदानाच्या कडेला दाटी करायच्या. मागे न बघता मागे पास द्यायची. त्या काळी हे असलं कुणी कोल्हापुरात केलेलं मी बघितलं नव्हतं. आमचे अण्णा मॅचला यायचे नाहीत, पण घरी आल्यावर विचारायचे, "आज किती बास्केट?" आणि मंगल म्हणायची, "एक." अण्णा म्हणायचे, मग खेळतीस कशाला?

सेमीफायनलला ती रिबाउंडवरून खाली आली ती वाकडी आली. "कट" असा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. मी पेन्सिल टाकून उठले, तर सरांनी हातानेच बस म्हणून सांगितलं. रात्री हाडवैद्याकडे नेलं, त्याने तेल लावून घट्ट पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी फायनल. शालन एकटी काय करणार, मंगल नसली तर टीम नाही, असं सगळे म्हणाले. आणि मंगललाही तेच ऐकायचं होतं. सगळं कॉलेज आपल्याला बेस्ट म्हणतंय, हे तिने पहिल्यांदा त्या रात्री ऐकलं. ती उतरली. मी तिचं नाव लिहिलं, सात नंबर. दुसऱ्या हाफमध्ये गुडघा जो गेला तो गेला. लिगामेंट हा शब्द आमच्या घरात पुढे कित्येक वर्षांनी आला. पाडव्याला मावशी पाटावर न बसता खुर्चीवर का बसते आणि अंबाबाईला गेली की पायऱ्या एकेक करून का उतरते, ते तू बघतेस. ती कधी तक्रार करत नाही. मी ती मॅच आजही विसरू शकत नाही.

रविवारी मी फडचं नाव घेतलं तेव्हा तू म्हणालीस, "आई, तुला सगळ्यांचे फक्त गुडघे दिसतात." हो, दिसतात. फडचा उजवा गुडघा शाळेत असताना २०१९ ला गेला, नोव्हेंबर २०२३ ला पुन्हा तोच गेला. तीच एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, तुझ्यासारखी. ब्युकर्सचा डावा ऑगस्ट २०२२ ला गेला आणि २०२२-२३ चं अख्खं वर्ष ती बेंचवर होती. देशातली बेस्ट खेळाडू, आणि वर्षभर बाकावर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होती. तिला घाई नसेल का झाली? तिचं नाव लोक विसरतील असं तिला नसेल का वाटलं? रविवारी मॅच संपत आल्यावर तिला बाहेर काढलं आणि त्यांचे कोच ऑरिएमांनी तिला मिठीत घेतलं, दोघंही रडत होते, तेव्हा तू माझा हात धरला होतास. २०१६ नंतर पहिल्यांदा कनेक्टिकट जिंकलं ते दोन दुरुस्त झालेल्या गुडघ्यांवर जिंकलं, मनू. मला ती मॅच अशी दिसली. बाबांना बाराव्या विजेतेपदाची दिसली असेल.

तू म्हणशील, तिकडे जास्तीचं वर्ष मिळतं, इकडे कोण देतं. पण तू एम.ए.च्या पहिल्याच वर्षाला आहेस. विद्यापीठाच्या स्पर्धा पंचविशीपर्यंत खेळता येतात. तुझं ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले ते तुला जखडून ठेवायला नाही. नवीन बसवलेला लिगामेंट आतून मुरायला वेळ घेतो, बाहेरून पाय चांगला दिसला तरी. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, हे त्यांनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. त्यात मुलींचा गुडघा मुलांपेक्षा लवकर दगा देतो. तू हसतेस, पळतेस, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतेस, आणि तुला वाटतं झालं. उडी मारून एका पायावर उतरताना काय होतं ते जिन्यावर कळत नाही. मंगलसुद्धा त्या सकाळी हॉस्टेलच्या जिन्यावरून पळतच खाली आली होती.

लेक्चर झालं. माफ कर. पाडव्याला आलीस तेव्हाच ठरवलं होतं की यंदा बोलायचं नाही, तू आता मोठी आहेस, पैशाचं, अभ्यासाचं सगळं तुझं तू बघतेस. भारताकडून बास्केटबॉल खेळलेल्या शिरीन लिमयेच्या गावात खेळायचं म्हणून पुणं निवडलंस तेव्हा आजी सोडून कुणाला ते कळलं नव्हतं, आणि तू ते करून दाखवलंस. पहिल्याच वर्षी टीममध्ये आलीस. टीमचा तो फोटो बाबांनी दुकानात गल्ल्याच्या मागे लावलाय, तुला सांगू नको म्हणालेत. गिऱ्हाईक बघेपर्यंत ते सुटे पैसे देत नाहीत.

मला भीती ही आहे की तू पायासाठी नाही, नावासाठी उतरशील. आमच्या टीममध्ये बेस्ट कोण, हे मेमध्ये ठरून जाईल, असं तुला वाटतंय. ठरलं तर ठरू दे. त्या सेंटरला ट्रॉफी मिळाली तर स्टेजखाली उभी राहून टाळ्या वाजव, आणि तुला रडू आलं तर रात्री मला फोन कर, कितीही वाजले तरी. पण पुढच्या वर्षी तिला बास्केटखाली बॉल हातात द्यायला तू हवीस. तिलाही ते हवं असणार. एकदा विचारून बघ तिला. मला वाटतं टीममध्ये बेस्ट कोण हे तुमच्यात सगळ्यात नीट तिलाच ठाऊक आहे.

बाकी इकडे ठीक. शनिवारी जोतिबाची यात्रा, बाबा आणि काका शुक्रवारी रात्रीच चालत निघणार आहेत. या उन्हात चालू नका म्हटलं तर म्हणतात, मनूच्या पायासाठी बोललोय. तेव्हा गुडघ्याचा विषय या घरात मी एकटीच काढत नाही. आजीचं बीपी आता बरं आहे, गोळी तेवढी तुझ्या नावाने घेते. लोणच्याची बरणी तू विसरलीस, ती शेजारच्यांच्या मुलाबरोबर पाठवते, तो रविवारी पुण्याला जाणार आहे. मावशीला एकदा फोन कर. गुडघ्याचं नको, फायनलचं बोल. तिने ती मॅच सकाळी मोबाइलवर पूर्ण बघितली आणि मला विचारलं, "ती ब्युकर्स पास देताना मान कुठे वळवते, बघितलंस का?" ती तुझ्याच बाजूची आहे. म्हणजे आता दोन विरुद्ध एक विरुद्ध एक.

तुझी,
आई

ता. क. फिजिओकडे एका पायावरच्या उड्यांची टेस्ट होते ना, दोन्ही पायांची तुलना करून टक्के काढतात ती, ती या महिन्यात झाली का? नव्वदच्या वर आहे का? फक्त आकडा कळव, मी त्यावर काही बोलणार नाही.