बिल्डिंग पाडायच्या आधी, तुमच्या दोघांच्या स्वभावाबद्दल

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि.

फोनवरच बोलणार होते, पण फोन स्पीकरवर असतो, बाबांना विचारलेल्याचं उत्तर आई देते आणि बाबा 'बरं, ठेवतो' म्हणून उठतात. म्हणून पत्र. बाबांनी आधी वाचा, मग आईला द्या. आईने मोठ्याने वाचायला सुरुवात केली तरी उठून जाऊ नका.

विषय अर्थातच बिल्डिंगचा. संमतिपत्राची तारीख जवळ आली आणि नवी इमारत होईपर्यंत भाड्याने पार्ल्यातच राहायचं की आमच्याजवळ बोरिवलीला यायचं, हे तुमचं ठरत नाहीये. आई म्हणते, "ह्यांना कशाचं काही पडलेलं नाही. सोसायटीच्या सभेत मागच्या खुर्चीवर बसले आणि अवाक्षर काढलं नाही." बाबा तुमच्या जावयांना म्हणाले, "तिने बोरिवलीचं ठरवूनच टाकलंय, आता मला कशाला विचारते?"

आई, तुला पडलेलं नाही असं वाटतं ना, मग टीव्हीखालच्या खणात विजेचं बिल आहे ते उलटून बघ. मी मागच्या वेळी चार्जर शोधताना बघितलं. पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: कार्पेट एरिया गॅलरी धरून की सोडून? कॉर्पसचे, म्हणजे बिल्डरकडून मिळायच्या एकरकमी निधीचे, पैसे सही झाल्यावर की जागा रिकामी केल्यावर? भाडं थकलं तर दाद कुणाकडे मागायची? सामान हलवायचा खर्च कुणाचा? आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: 'हिचे गुडघे. लिफ्ट नसेल तर नको.' सभेत पुढे बसून बिल्डरच्या माणसाशी वाद घालणाऱ्यांपैकी कुणी एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. फक्त तो विचार पूर्ण होईपर्यंत बाबांच्या तोंडून बाहेर येत नाही.

आणि बाबा, आईचं नेमकं उलटं आहे. तिचा विचार तोंडानेच होतो. सोमवारी ती मला म्हणाली बोरिवलीच बरं, नातवंडं जवळ. बुधवारी मावशीशी बोलून झाल्यावर म्हणाली, भजनी मंडळ सोडून मी तिकडे करू काय? शनिवारी पुन्हा डॉक्टर, भाजीवाला, बँक, सगळं पायाखालचं आहे म्हणून पार्लेच. यातलं एकही वाक्य निर्णय नव्हतं. तुम्ही सोमवारचं ऐकलंत आणि फाइल बंद केलीत. तुम्ही बोलता तेव्हा ठरलेलं असतं, म्हणून तिचंही ठरलंय असं तुम्ही धरून चालता. ती गप्प बसते तेव्हा तिचं काहीतरी बिनसलेलं असतं, म्हणून तुम्ही गप्प बसलात की तिला तुम्ही रागावलात असं वाटतं. तुमची निम्मी भांडणं यातून होतात. उरलेली पंख्याच्या स्पीडवरून, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

हे मला कुठून सुचलं? आमच्या ऑफिसात स्वभावचाचणी झाली. ढीगभर प्रश्न आणि शेवटी चार अक्षरांचा एक शिक्का, एकूण सोळा प्रकार. मुळाशी कार्ल युंग हा स्विस मानसोपचारतज्ज्ञ. त्याने 1921 साली माणसांच्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं आणि अंतर्मुख, बहिर्मुख हे भेद मांडले. चाचणी मात्र त्याची नाही, ती अमेरिकेतल्या मायलेकींची, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स. आई, तुला गंमत वाटेल, सुरुवात जावयापासून झाली! लेकीने पसंत केलेला मुलगा आपल्या घरातल्या कुणासारखाच विचार करत नाही हे पाहून कॅथरिनबाई चक्रावल्या आणि स्वभावांचा अभ्यास करायला लागल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेकीने त्यावरून प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं.

म्हणूनच मी त्या अक्षरांवर फार विसंबत नाही. मागच्या वर्षी माझी अक्षरं वेगळी आली होती, आणि असं पुष्कळांचं होतं. शिवाय गोड शब्दांत सांगितलेलं कुणालाही आपलंच वाटतं. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'हा तुझा स्वभाव' म्हणून एक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच होता, त्यातला बराचसा मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातला. तरी मुलांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. बाबा, रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य आईला वाचून दाखवताना हे लक्षात असू द्या.

आता संशोधक सहसा प्रकार पाडत नाहीत, पाच गुण मोजतात: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता. हे गुण उंचीसारखे असतात, अगदी ताडमाड थोडे, अगदी ठेंगणे थोडे, बाकी सगळे मधले. बाबा काही मौनीबुवा नाहीत. टिळक मंदिरात जुने मित्र भेटले की तासभर बोलतात, हे पार्ल्यात कुणालाही विचारा. आणि आईलाही कधी कधी दुपारी दोन तास कुणी हाक मारलेली चालत नाही.

आपल्याकडे हे आधीपासून होतंच की. वात-पित्त-कफ झालं, पत्रिकेतले देव, मनुष्य, राक्षस गण झाले. बाबा देवगणी आणि आई राक्षसगणी, त्यामुळे 36 पैकी गणाचे 6 गुण कुठे गेले हे आजी मरेपर्यंत सांगायची. एकमेकांना बोलतं कसं करायचं ते मात्र त्या पत्रिकेत नव्हतं, आणि माझ्या चार अक्षरांतही नाही. तरी निदान एवढं कळलं की समोरच्याचं वागणं आपल्या पद्धतीने वाचू नये. बाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ आईने स्वतःच्या गप्प बसण्यावरून लावू नये, आणि उलट.

बाबा, 'मी पहिल्यापासून असाच, आता या वयात काय बदलणार' हे चालणार नाही. वय वाढतं तशी माणसं सरासरीने जुळवून घेणारी आणि शिस्तीची होत जातात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. अबोल असणं ठीक आहे. पण 'मला विचार करू दे, शुक्रवारी संध्याकाळी सांगतो' एवढं तरी म्हणा आणि शुक्रवारी खरंच सांगा. नुसतं 'बघू' म्हणून पेपर उघडलात की आई तिथेच अडकते.

आई, तू स्वयंपाकघरातून, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, बोरिवली की पार्ले विचारू नकोस. दाढी करताना तर नकोच. प्रश्न कागदावर लिही आणि चहाच्या वेळी समोर ठेव. उत्तर लगेच मागू नकोस. तोवर बोलावंसं वाटणारच, तेव्हा मला फोन कर, मावशीला कर, हवी तेवढी मतं बदल. फक्त बाबांना सांगताना आधी म्हण, 'हे मी नुसतं बोलून बघतेय.'

माझं मत विचाराल तर पार्लेच. आमच्याकडे आलात तर मला सोयीचं होईल, मुलांना आनंद होईल, पण आईचं भजनी मंडळ आणि बाबांचं टिळक मंदिर दोन्ही लांब पडेल आणि मग दिवसभर घरात दोघंच समोरासमोर. ते मला जरा धोक्याचं वाटतं. पण ठरवायचं तुम्हीच.

रविवारी येते आहे. हनुमान रोडजवळचा एक फ्लॅट आणि मग आमच्या बाजूचा एक, असे दोन्ही बघून घेऊ. एजंटला अकराची वेळ दिली आहे. दोन्हीकडे लिफ्ट आहे, मी विचारून घेतलं. बाबा, तुमचे प्रश्न घेऊन या आणि आधी तुम्हीच विचारा. आई, तेवढा वेळ तू घरमालकिणीला बोलण्यात गुंतव, ते तुला छान जमतं.

येताना श्रीखंड आणू की तू आमरस करणार आहेस, ते आईने कळवावं. बाबांचं 'चालेल' मी धरूनच चालले आहे.

तुमची लेक